मेंदू राहू द्या, वीस मिनिटं द्या : कोल्हापुरातल्या अभ्यासिकाचालकांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहरातल्या अभ्यासिका आणि स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवणारी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

पेपरातून घरात पडणाऱ्या पत्रकांमध्ये हल्ली एक नवा प्रकार आलाय. आधी ‘हमखास पोस्ट’ होती, मग ‘टेस्ट सिरीज मोफत’ आली, आता ‘पाच दिवसांत मेंदू बदला’. ध्यानाचं शिबिर, रोज वीस मिनिटं, फी अडीच हजार. कोपऱ्यात लाल-निळ्या रंगात मेंदूचं चित्र आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘परदेशी विद्यापीठात सिद्ध’. एका अभ्यासिकेच्या दारावर हाच मजकूर फ्लेक्सवर पाहिला. तिथं तर मेंदूतून किरण निघत होते.

मी जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. संध्याकाळी घराजवळच्या एका अभ्यासिकेत देखरेखीला बसते. हजेरी लिहायची, पाण्याचा जार संपला की फोन करायचा, पंखा दोनवर की तीनवर यावरून होणारी भांडणं मिटवायची, असं माझं काम. तेव्हा हे बाहेरून दगड मारणाऱ्या कुणाचं पत्र समजू नका. आणि मी ध्यानाच्या विरोधात नाही, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर निम्मी मंडळी इथंच पत्र बाजूला ठेवतील. थोड्या दिवसांच्या ध्यानानं माणसाला खरंच काही मिळतं. फक्त जे मिळतं त्याची जाहिरात कुणी करत नाही, आणि ज्याची जाहिरात चाललीय ते मिळत नाही.

तुमच्या पत्रकातले ‘पाच दिवस’ कुठून आले, ते मी शोधून काढलंय. यी-युआन तांग आणि मायकेल पोस्नर यांच्या गटाचा एक अभ्यास २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. चीनमधले ऐंशी कॉलेजविद्यार्थी घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे चाळीस-चाळीसचे दोन गट पाडले. एका गटाला शरीर सैल सोडणं, श्वास, मनातली चित्रं आणि मागं हलकं संगीत अशी ध्यानाची एक पद्धत शिकवली. दुसऱ्या गटाला नुसतं अंग शिथिल करायला शिकवलं. दोघांनाही पाच दिवस, रोज वीस मिनिटं. आधी आणि नंतर दोघांचीही परीक्षा घेतली.

ती परीक्षा कशी होती, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गंमत तिथं आहे. पडद्यावर एका ओळीत पाच बाण दिसतात. मधला बाण डावीकडं तोंड करून आहे की उजवीकडं, एवढंच बटण दाबून सांगायचं. शेजारचे चारही बाण त्याच दिशेला असले तर काम सोपं. ते उलट्या दिशेला असले की डोळा फसतो आणि बोट क्षणभर अडखळतं. त्या अडखळण्याला किती वेळ लागला, ते मोजायचं. आजूबाजूच्या गोंगाटाला न भुलता हव्या त्याच गोष्टीवर लक्ष ठेवणं म्हणतात ते हेच. पाच दिवसांनी ध्यान शिकलेल्या मुलांचं अडखळणं दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झालं.

मग त्यांना ताण दिला. चार आकडी संख्येतून तोंडी सत्तेचाळीस वजा करत जायचं, पुन्हा सत्तेचाळीस, पुन्हा सत्तेचाळीस, घड्याळ लावून. आपल्याकडं बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरला घाम फुटतो, तसलाच प्रकार. त्यानंतर आणखी वीस मिनिटं आपापला सराव करायला लावून लाळेतलं कॉर्टिसोल तपासलं. ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमधून रक्तात उतरणारं हे संप्रेरक. ध्यानवाल्यांचं कॉर्टिसोल कमी निघालं. प्रश्नावलीत चिंता, उदासी, राग, थकवा यांचे गुणही त्यांचे कमी आले.

पाच दिवसांच्या मानानं हे थोडंथोडकं नाही. मला स्वतःला हा अभ्यास आवडतो, कारण यात तुलनेचा गट आहे आणि तोही नुसता हातावर हात ठेवून बसलेला नाही. पण आता त्यात काय नाही तेही बघा. या अभ्यासात एकाही विद्यार्थ्याच्या मेंदूचं चित्र काढलेलं नव्हतं. एकाही विद्यार्थ्याचे परीक्षेतले मार्क तपासले नव्हते. सराव सोडल्यावर दोन महिन्यांनी त्यातलं काय उरलं, हेही पाहिलं नव्हतं. शिवाय ध्यानाची ती पद्धत स्वतः तांग यांनीच बसवलेली. यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कुणीतरी तो ठोकून-वाजवून बघायला हवा, एवढं तर कोणत्याही प्रयोगवहीवर सही करणाऱ्या मास्तरीणबाईला वाटणारच.

मग फ्लेक्सवरचं ते लाल-निळं चित्र आलं कुठून? ते दुसऱ्या घरचं. तांग-पोस्नर यांच्याच गटानं २०१० साली ओरेगॉन विद्यापीठातल्या पंचेचाळीस विद्यार्थ्यांवर महिनाभरात अकरा तासांचा सराव घेऊन मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याच्या तंतूंमध्ये फरक दिसल्याचं मांडलं. पुढच्याच वर्षी बॉस्टनहून ब्रिटा होल्झेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग पूर्ण केलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणाशी जोडलेल्या भागात, करड्या द्रव्याची घनता वाढलेली दिसली. ‘ध्यानानं मेंदू वाढतो’ हे वाक्य जगभर फिरलं ते मुख्यतः या अभ्यासाच्या जोरावर. त्यात ध्यान केलेली माणसं होती सोळा. ती आपणहून वर्गाला नाव घालून आलेली होती. तुलनेचे सतरा जण चिठ्ठी टाकून वेगळे काढलेले नव्हते.

ठोकून-वाजवून बघण्याचं काम २०२२ मध्ये झालं, विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात. दोन चाचण्या एकत्र करून दोनशे अठरा माणसं, कुणीही आधी ध्यान केलेलं नाही. काहींना तोच आठ आठवड्यांचा वर्ग दिला. काहींना व्यायाम, आहार, संगीत असा दुसरा वर्ग. बाकीचे नुसते प्रतीक्षा यादीवर. कोण कुठं जाणार ते चिठ्ठीनं ठरलं. मेंदूची चित्रं आधी काढली आणि नंतरही. आकार, जाडी, घनता, सगळं तपासलं. बॉस्टनच्या अभ्यासात ज्या जागा सापडल्या होत्या, त्याही मुद्दाम बघितल्या. ध्यानवाल्यांच्या मेंदूच्या रचनेत इतरांपेक्षा वेगळं काही निघालं नाही. या अभ्यासामागं रिचर्ड डेव्हिडसन आहेत, तिबेटी भिक्षूंच्या मेंदूचा अभ्यास करण्यात ज्यांची वर्षानुवर्षं गेली ते. म्हणजे ध्यानाचा वैरी म्हणून त्यांना बाजूला सारायची सोय नाही.

यावर एका क्लासचालकांनी मला ऐकवलं, ‘मॅडम, पण मेंदू बदलतोच की!’ बदलतो हो. काहीही शिकलं की पेशींमधले जोड कुठं घट्ट होतात, कुठं सैल पडतात. कलम ३५२ पाठ केलं तरी मेंदूत काहीतरी बदलतंच. त्याचं चित्र छापून कुणी अडीच हजार मागत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की मेंदूचा विषय सोडा आणि मुलांकडं बघा. माझ्यासमोर रोज संध्याकाळी हे चालतं. राज्यव्यवस्थेचं पुस्तक उघडं, पिवळा हायलायटर हातात, ओळ अर्धी रंगवलेली. मांडीवरचा मोबाईल एकदा थरथरतो. मुलगा बघतो, ठेवतो, पुन्हा पुस्तकात डोकं घालतो. पण हायलायटर त्याच शब्दावर टेकलेला राहतो आणि कागदावर पिवळा डाग पसरत जातो. डाग खालच्या ओळीपर्यंत उतरला की दचकून भानावर येतो. गेलेलं लक्ष परत यायला हा एवढा वेळ लागतो, आणि असं दिवसातून किती वेळा होत असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ध्यानात नेमकी हीच गोष्ट शिकवतात. श्वासावर लक्ष ठेवायचं. लक्ष जातं, जाणारच. ते गेलंय हे ओळखायचं आणि स्वतःवर न चिडता परत आणायचं. लक्ष न जाण्याची विद्या जगात कुठं नाही, पण ते गेलेलं लवकर ध्यानात येण्याची सवय लागू शकते. शिवाय उच्छ्वास लांबवला की व्हेगस मज्जातंतूच्या वाटेनं हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून दहा मिनिटं बसल्यावर बरं वाटतं. यात गूढ काही नाही आणि ते शिकायला अडीच हजारही लागत नाहीत. राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं मित्र उपक्रमातून आनापान, म्हणजे श्वास बघण्याचं ध्यान, कितीतरी शाळांत नेलं होतं. तुमच्याकडं बसणाऱ्या काही मुलांनी ते सातवी-आठवीत केलेलंही असेल.

आता किती दिवसांनी गुण येतो, हा प्रश्न. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका गटानं २०१९ मध्ये ध्यानाचा गंधही नसलेल्या माणसांना रोज तेरा मिनिटं ध्यान करायला लावलं, आणि तुलनेच्या गटाला तेवढाच वेळ पॉडकास्ट ऐकायला दिला. चार आठवड्यांनी बघितलं तर फरक नाही. आठ आठवड्यांनी बघितलं तर ध्यानवाल्यांचं लक्ष, स्मरण आणि मनःस्थिती सुधारलेली. मग पाच दिवस खरे की आठ आठवडे? माझ्या समजुतीनं दोन्ही खरे, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आत्ता बसून उठल्यावर कसं वाटतं, ताण आला तर आत्ता काय होतं, यावर पाच दिवसांतही परिणाम दिसू शकतो. एरवी चालता-बोलता, पेपर लिहिताना त्यातलं काही अंगात उरावं, यासाठी आठवडे मोजावे लागतात. कोल्हापूरकरांना हे समजवायला माझी गरजही नाही. तालमीत पाच दिवस जोर-बैठका मारल्या की अंग मोकळं होतं, भूक लागते, झोप छान येते. ते खोटं नसतं. पण म्हणून सहाव्या दिवशी कुणी खासबागेत लांग बांधून उतरत नाही, आणि कुठला वस्तादही तसं पत्रक काढत नाही.

आठ आठवड्यांनंतरचा गुणसुद्धा किती? २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी सत्तेचाळीस चाचण्या एकत्र तपासल्या, साडेतीन हजारांवर माणसांच्या. चिंता, उदासी आणि दुखणं यांत मध्यम खात्रीचा, पण बेताचाच फायदा सापडला. लक्ष आणि झोप यांच्याबद्दल ठाम बोलण्याइतका पुरावा मिळाला नाही. आणि व्यायाम किंवा औषधं अशा इतर उपायांपेक्षा ध्यान सरस आहे, असंही दिसलं नाही. ज्या मुलाला डोळे मिटून बसवत नाही, त्यानं रंकाळ्याला एक फेरी मारून यावं. त्याचं काही वाया जात नाही. दुसऱ्या बाजूला, चिंतेच्या आजारासाठी रीतसर निदान झालेल्यांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग एस्सिटालोप्राम या नेहमीच्या औषधापेक्षा कमी पडला नाही. म्हणजे ही गोष्ट उडवून लावण्यासारखीही नाही. तिथं शिकवणारे कसलेले होते, दर आठवड्याला वर्ग होता, रोज घरी करायचा सराव होता आणि निदान डॉक्टरांनी केलं होतं, एवढं मात्र विसरू नका.

सक्तीबद्दल बोलायलाच हवं, कारण दोन-तीन क्लासनी शिबिर फीतच घालून ‘उपस्थिती अनिवार्य’ असं छापलंय. ब्रिटनमध्ये पंच्याऐंशी शाळांतल्या आठ हजारांवर मुलामुलींवर हा प्रयोग झाला, निकाल २०२२ मध्ये आले. शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिलं, मग त्यांनी वर्गात सजगतेचे, म्हणजे याच तऱ्हेच्या ध्यानाचे, धडे घेतले. मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या जीवनकौशल्यांच्या तासांपेक्षा काहीही जास्त फायदा झाला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही. करतील कशी? वर्गात बाई म्हणाल्या म्हणून डोळे मिटलेल्या मुलाच्या पापण्या कशा फडफडतात, ते मी आयुष्यभर प्रार्थनेच्या वेळी बघत आलेय. त्याच प्रयोगात शिक्षकांचा थकवा थोडा कमी झाल्याचं दिसलं, ही गोष्ट मला फार आवडली. तेव्हा चालक मंडळींनो, आधी तुम्हीच बसून बघायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच पत्रकात नसते. ध्यानानं काहींना त्रास होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा त्रासाचं प्रमाण सुमारे ८ टक्के निघालं. चिंता वाढणं आणि उदासी दाटून येणं हे त्यातले नेहमीचे प्रकार. आपल्या हातकणंगले तालुक्यात आळत्याला विपश्यनेचं केंद्र आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिराला अर्ज करताना आधी तब्येतीची आणि मानसिक आजाराची माहिती विचारतात, आणि फी घेत नाहीत, दानावर चालतं. तुम्ही नेमकं उलटं करता. फी आधी घेता आणि तब्येत विचारतच नाही. दोन वेळा पूर्वपरीक्षेत नापास झालेला, घरून फोन आला की जिन्यात जाऊन बोलणारा, डबा न उघडताच परत नेणारा मुलगा तुमच्या हॉलमध्ये असतोच. त्याला शिबिर नको. त्याच्याशी कुणीतरी बोलायला हवं. सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर जिन्यात, वायफायच्या पासवर्डशेजारी लावा. तिथं सगळ्यांची नजर जाते.

आणि आता जरा तिखट लिहिते. ‘२४ तास सुरू’ ही पाटी तुम्ही मिरवता. रात्री दोनला किती मुलं बसलीत त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवता, खाली ‘नाद खुळा’. वाचलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेत होतं, हे कुठल्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे. रात्री झोप मोडायची आणि सकाळी लक्ष वाढवायचं शिबिर विकायचं, हा धंदा म्हणून हुशारीचा असेल, पण मला तो पटत नाही. राधानगरी-गगनबावड्याकडून आलेली पोरं आठ जणांत एक खोली करून राहतात. तिथं झोप धड नसते म्हणून तुमच्या टेबलावर डोकं टेकतात. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली, दसरा चौकात त्यांच्या इमारती आजही आहेत. तिथं पोरांना आधी छप्पर आणि दोन वेळचं जेवण मिळालं. मन शांत व्हायला ते लागतंच. अभ्यासिकेनं बोर्डिंग काढावं असं मी म्हणत नाही. रात्री अकराला दिवे घालवावेत, एवढं म्हणते.

परीक्षा लांबतात, जाहिराती निघत नाहीत, निकाल अडकतात, यातलं काही तुमच्या हातात नाही आणि श्वास मोजूनही त्यावर उपाय होणार नाही. ताण आला तो पोराच्या मनाच्या कमकुवतपणामुळं, असं निदान शिबिरात त्याला ऐकवू नका.

करायचं ते असं आहे. रोज एक ठरलेली वेळ आणि एक कोपरा. वीस मिनिटं ट्यूबलाइट बंद, मोबाईल बाहेरच्या खोक्यात. ज्याला श्वास बघायचा तो श्वास बघेल, ज्याला नामस्मरण करायचं तो ते करेल, कुणी नुसतं बसेल. ज्याला बाहेर जाऊन चालायचंय त्याला जाऊ द्या. हजेरी घेऊ नका. निदान दोन महिने चालवा आणि मगच उपयोग होतो की नाही ते मुलांना विचारा. शिकवायला एकदा कुणी जाणतं माणूस बोलवा, त्याला मानधन द्या आणि ते महिन्याच्या फीतूनच द्या. गंगावेस ते राजारामपुरी कुठंही, पहिले काही दिवस वेळ सांभाळायला मी येऊन बसेन.

पत्रकाचा मजकूरही लिहून देते, हवा तर उचला : ‘संध्याकाळी सात ते सात-वीस शांत बसण्याची सोय. वेगळी फी नाही. सक्ती नाही. त्या वेळात मोबाईल बाहेर. झोप येत असेल तर घरी जाऊन झोपावे.’

मेंदूचं चित्र टाकू नका. एकरंगी छपाईत काम होईल.

आपली,
अभ्यासिकेतली देखरेखीची मॅडम
मंगळवार पेठ, कोल्हापूर